मामाचा पितळी तराजू

१२ जानेवारी

चि. बारके,

आधी पार्सल उघडलंस की आधी पत्र वाचतेयस? पार्सलच उघडलं असशील, तुला दम कुठे धरवतो! मग बघितलास ना? हो, तोच. माझा पितळी तराजू, वजनांसकट. लिंबाने घासून असा लख्ख केलाय की त्यात तोंड बघून वेणी घालावीस.

तुझ्या आईचा फोन आला होता. निम्मा वेळ रडली आणि निम्मा वेळ मलाच रागावली, का ते तिलाही माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की तू नावेतच बेशुद्ध पडलीस, आता कुठल्याशा उपचारगृहात आहेस आणि तिथे फोन जवळ ठेवू देत नाहीत. बरंच झालं. फोनवर माझी कवळी वाजते आणि पलीकडच्याला वाटतं मी चणे खातोय. आपलं पत्रच बरं.

ताई म्हणाली, तिथे तुम्हाला जेवण अगदी मोजूनमापून देतात. म्हटलं, मोजायचंच असेल तर माझ्या भाचीने खऱ्या वस्तूने मोजावं. हा तराजू माझ्याबरोबर सगळी जहाजं फिरलाय. कप्तान बदलले, मालक बदलले, स्वयंपाकी आणि तराजू तेच. इथल्या खलाशांच्या वसतिगृहात नोकरीला लागलो तेव्हा पोरांनी मला विजेचा काटा आणून दिला. तो मी कपाटावर ठेवलाय. त्यावर मांजर झोपतं.

तर हवं तेवढं मोज, हवं तेवढं खा आणि लवकर नावेत जाऊन बस. वर्तमानपत्रात आलेला तुझा फोटो माझ्या शेगडीच्या वर लावलाय. वाफेने कडा वळल्यात, पण वल्हं अजून तुझ्या हातात आहे. नवीन खलाशी आला की आधी तो फोटो बघतो, ही कुणाची भाची ते ऐकून घेतो, मगच त्याला सूप मिळतं.

तुझा मामा


२४ जानेवारी

ती. मामा,

तराजू पोचला. पण माझ्या हातात नाही आला.

इथे प्रत्येक पार्सल सिस्टर आमच्यासमोर उघडतात. आम्ही सहाजणी जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो. त्यांनी कागद सोडवला, आत हात घातला आणि आधी एक पारडं बाहेर काढलं, मग दुसरं. मग माझ्या शेजारची मुलगी हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग आम्ही सगळ्याच. सिस्टरनी तराजू ऑफिसात नेऊन कुलपात ठेवला. उद्याच्या टपालाने तो परत निघेल.

मामा, दारू सोडणाऱ्याला कोणी बाटली भेट पाठवतं का रे? आणि तीही लिंबाने घासून?

रागावू नकोस. तुला कोणी नीट सांगितलंच नसणार. आई या आजाराला अजून 'अशक्तपणा'च म्हणते. म्हणून मी सांगते. आमची नाव हलक्या वजनाच्या गटातली. शर्यतीआधी काट्यावर उभं राहायचं, आकडा जास्त भरला तर नाव पाण्यात उतरत नाही. सुरुवातीला मी तेवढ्यापुरती कमी जेवायचे. मग रोजच. मग मला दुसरं काही सुचेनाच. आज मला बरं वाटतंय की वाईट, हेसुद्धा मला काटा सांगायचा. जवळच्या मैत्रिणीच्या लग्नाला गेले नाही, कारण तिथे जेवण होतं. आणि मधेच कधीतरी धीर सुटायचा, मग पाव, साखर, हाताला लागेल ते उभ्या उभ्या खायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःलाच शिक्षा करायचे. कोच सगळ्यांसमोर म्हणायचे, "शाब्बास, हिच्याकडून शिका." ते ऐकायला मी काय वाटेल ते केलं असतं. केलंच.

मग त्या दिवशी भर पाण्यात हातातून वल्हं गेलं. माझी जोडीदारीण, आम्ही तिला शिडी म्हणतो इतकी ती उंच आहे, तिने मागून कॉलर पकडून ठेवली म्हणून मी हे पत्र लिहितेय.

इथे मोजायचं काम सिस्टरचं. आमचं काम बसायचं आणि खायचं. बसायचं, हा पहिला नियम. उभ्याने एक घासही नाही. तुला तर इथे पहिल्याच दिवशी हाकलून देतील! तू जन्मात कधी बसून जेवलायस का? मला आठवतोयस तो शेगडीपाशी, एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात पावाचा तुकडा.

आणि अजून एक. मला बारकी म्हणू नकोस. त्या नावाला जागायला मी फार वर्षं घालवली.

तुझी भाची


३ फेब्रुवारी

चि. भाचीस,

तराजू परत आला. टपालवाल्यांनी खोक्याचा पार चुराडा केलाय. चांगल्या मनाने दिलेली वस्तू माझ्याकडे परत येण्याची ही पहिलीच वेळ. बारकी म्हणायचं नाही, तराजू पाठवायचा नाही. उद्या म्हणशील, मामा म्हणून सांगायचंसुद्धा नाही. आम्ही आपले उंटावरचे शहाणे. ठीक आहे. औषधं वेळेवर घे.

मामा

दुसऱ्या दिवशी सकाळी

वरचं टाकायला टपालपेटीपर्यंत गेलो होतो. टाकणार तोच परत आलो. पण फाडणार नाही. मामा किती आडमुठा आहे ते तुला कळू दे.

पेटी धक्क्याच्या तोंडाशी आहे. वारा सुटला होता, बांधलेल्या नावा एकमेकींना धडका देत होत्या, पाणी पार फरशीवर येत होतं. तिथे उभा राहिलो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं, समुद्र खवळला की मी स्वतः कधी तराजू बाहेर काढत नसे! पारडी अशी झुलतात की किलो काय आणि पावशेर काय, सगळंच खोटं. अशा वेळी तराजू गुंडाळून पेटीत ठेवायचा आणि पीठ मुठीने घ्यायचं. मुठीचा पाव कधी दगड व्हायचा, कधी फसफसायचा, पण माझ्या जहाजावर कोणी उपाशी झोपलं नाही. हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. आणि मी शहाणा, तुझं पाणी खवळलेलं असताना तुला तराजू पाठवतो! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पेटीपाशी बरीच माणसं होती म्हणून राहिलो.

सिस्टरबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं बरोबर आहे.

आता बसण्याचं. तू वर्मावर बोट ठेवलंस. स्वयंपाकी बसला तर पुढचं पातेलं बघायचं कोणी, असं आम्हाला शिकवलं होतं. पण चल. तुमचं दुपारचं जेवण किती वाजता? एकला असेल तर मीही एकला बसतो. तू तिथे, मी इथे. ताट संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. मामाचा शब्द.


२६ फेब्रुवारी

मामा,

एक वाजता बसतोयस ना? मी बसते. समोरच्या खुर्चीवर तू आहेस असं धरून चालते आणि घास अडला की मनातल्या मनात तुला शिव्या घालते. खूप मदत होते.

काल बटाटे होते. सालीसकट भाजलेले, वर लोणी. लोणी म्हणजे माझा जुना वैरी. बराच वेळ मी त्याच्याकडे आणि ते माझ्याकडे बघत बसलो. मग ते वितळलं, सालीच्या सुरकुत्यांमध्ये उतरलं, कडेला मिठाचे खडे दिसायला लागले. खाल्लं. मामा, साल कुरकुरीत होती आणि आत इतकं मऊ, गरम की मला रडूच कोसळलं. बटाट्याला चव असते हे मी साफ विसरले होते रे! सिस्टर म्हणाल्या, "रड हवं तेवढं, पण गार होऊ देऊ नकोस."

सगळे दिवस असे नसतात. परवा एका वाटीभर सुपाने मला घाम फोडला. आणि आई भेटायला आली ती दारातूनच म्हणाली, "भरलीस गं!" बिचारी कौतुकाने म्हणाली, पण दोन दिवस माझ्या घशाखाली काही उतरेना. मग मी तिला स्पष्ट सांगितलं, आई, माझ्या दिसण्याबद्दल वाईटही बोलू नकोस आणि चांगलंही नको. ती म्हणाली, "मग बोलू तरी काय?" मी म्हटलं, हवेबद्दल बोल. आता ती रोज हवेबद्दल चिठ्ठी पाठवते. काल त्यांच्याकडे धुकं होतं.

पुढच्या आठवड्यात मला सोडतील. क्लबाजवळ शिडीच्या खोलीत राहायला जातेय. क्लबाच्या कारखान्यात नावा घासायचं आणि वार्निश लावायचं काम मिळालंय. दर शुक्रवारी सिस्टरकडे यायचं. आणि मामा, कोच येऊन गेले. हलक्या नावेतली माझी जागा अजून रिकामी ठेवलीय. मोसम सुरू व्हायच्या आत पूर्वीसारखी हो, बाकी मी बघतो, म्हणाले.

तुझी भाची


८ मार्च

चि. (आता काय म्हणू? नाव ठरेपर्यंत जागा रिकामी सोडतो)

जागा ठेवलीय! अगं, मी पत्र वाचून स्वयंपाकघरातच ओरडलो. सगळ्या वसतिगृहाला एकेक पाव जास्त वाटला. फोटो खाली काढून पुसला आणि परत लावला. पूर्वीसारखी हो म्हणाले ना? मग हो की! दाखव त्यांना आपलं पाणी.

आता माझं ऐक. पहिल्या दिवशी एकला मी ताट घेऊन खुर्चीवर बसलो तर भाजी चिरणारा सुरी टाकून धावत आला. त्याला वाटलं माझ्या छातीत कळ आली. भांडी घासणारीने पाणी आणलं. मी म्हटलं, अरे जेवतोय! कोणाचा विश्वास बसेना. समोर एक म्हातारा खलाशी बसतो, त्याने विचारलं, "नोकरी सोडलीस का?"

आणि बसल्यावर काय कळलं सांगू? माझ्या सुपात मीठ कमी असतं! इतकी वर्षं कोणी एक शब्द बोललं नाही. मी पळीने घोटभर चाखायचो आणि पुढच्या पातेल्याकडे पळायचो. अख्खी वाटी बसून कधी प्यायलोच नव्हतो. त्या म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणतो, "आम्ही खिशात मीठ आणतो." घ्या! माझ्या नाकाखाली माझी अब्रू खिशातल्या मिठावर चालली होती.

जा, पाण्यात उतर. आमची छाती इकडे आधीच फुगलीय.

मामा


४ मे

ती. मामा,

पत्राला उशीर झाला, माफ कर. काम खूप आहे. इकडे सगळं छान आहे. मी वेळच्या वेळी जेवते. सकाळी एक अंडं आणि एक पाव, दुपारी एक वाटी सूप आणि अर्धा बटाटा, संध्याकाळी एक सफरचंद आणि अर्धी वाटी दही. एक वाजता बसते. सराव चांगला चाललाय. कोच खूश आहेत. काळजी करू नकोस.

तुझी भाची


११ मे

पोरी,

तुझं पत्र वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग त्या म्हाताऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, "छान अक्षर आहे." तेच तर. तुझं अक्षर जन्मात छान नव्हतं.

मागे एका बटाट्यावर तू अर्धं पान लिहिलं होतंस. साल कशी, लोणी कसं, मीठ कुठे. त्या दिवशी मी इथे सगळ्यांना सालीसकट बटाटे भाजून घातले. या पत्रात एक आणि अर्धा, अर्धा आणि एक. अंडं उकडलेलं होतं की तळलेलं? सूप कशाचं? गोड लागलं, खारट लागलं, जीभ पोळली? काहीच नाही. मी आयुष्यभर लोकांना खाऊ घातलंय गं. जो जेवतो तो चवीबद्दल बोलतो, निदान नावं तरी ठेवतो. नुसतं किती ते सांगणारा जेवत नसतो.

तू मला खोटं लिहिलंस. राग आलाय. पण तुझ्यापेक्षा जास्त माझा मला आलाय. तुझे कोच म्हणाले पूर्वीसारखी हो, आणि मी इकडे टाळ्या पिटल्या. पूर्वीसारखी म्हणजे कशी, हा विचार माझ्या टाळक्यात आलाच नाही. पूर्वीची तू नावेत मरायला टेकली होतीस! ती मला परत नको आहे. तो फोटो मी भिंतीवरून उतरवलाय. तुझ्यावर रागावून नाही. त्यात तुझ्या मानेची हाडं दिसतात आणि मी मूर्ख दोन वर्षं त्याखाली उभा राहून सूप ढवळत होतो.

मी ओरडणार नाही. आईला सांगणार नाही. तू नावेत बस की नको बस, माझी भाचीच आहेस आणि मला तुझा अभिमान आहे, तो वल्ह्यावर अवलंबून नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर दे. समुद्र पुन्हा खवळलाय का? हो किंवा नाही, तेवढंच लिही. मी एकला बसतोय. समोरची खुर्ची तुझी आहे.

मामा


१६ मे

मामा,

हो.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं होतं. पण तूही पेटीपासून परत आला होतास, म्हणून मीही आले.

कोच म्हणाले, थोडंच राहिलंय, तुला जमतं, तू आधी करून दाखवलंयस. आणि मामा, लाज वाटते लिहायला, पण ते ऐकून मला इतकं बरं वाटलं! सगळं विसरले. शुक्रवारी सिस्टरकडे जायचं टाळलं, एकदा काम म्हणून, एकदा सर्दी म्हणून. शिडीला सांगायचं कारखान्यात जेवले, कारखान्यात सांगायचं घरी जेवले. एक वाजता मी वार्निशचा डबा घेऊन नावेखाली शिरायचे, म्हणजे कोणी विचारणार नाही. तिथेच तुझं पत्र वाचलं. फोटो उतरवलास ते वाचलं आणि नावेखाली पडून हमसून हमसून रडले.

बाहेर आले ती तशीच, हाताला वार्निश, सिस्टरकडे गेले. बोलावलं नव्हतं, शुक्रवारही नव्हता. मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "स्वतःच्या पायाने आलीस, हे मी लक्षात ठेवीन." आणि खुर्ची ओढली. टेबलावर मसुराचं सूप होतं. लिंबू जास्त झालं होतं. ऐकतोयस ना? लिंबू जास्त होतं, डाळ थोडी बुडाला लागलेली होती आणि मी ते सगळं प्यायले.

मग काल कोचकडे गेले. रात्रभर पाठ केलेलं भाषण दारातच विसरले. म्हटलं, मी हलक्या नावेत बसणार नाही. ते म्हणाले, "वजनाचे नियम मी केलेले नाहीत." मी म्हटलं, नाही केलेत, पण मी रोज थोडी थोडी मरत होते तेव्हा शाब्बास तुम्ही म्हणालात. ते टेबलावरची शिट्टी फिरवत राहिले. मी म्हटलं, खुल्या गटात वजन बघत नाहीत, तिथे मला चाचणी द्यायचीय. ते म्हणाले, "तिथल्या बायका तुझ्या दुप्पट ताकदीच्या आहेत. आणि जोडीदार कोण देणार तुला?"

शिडी दारात उभी होती. कधी आली देव जाणे. ती म्हणाली, "मी." कोचनी शिट्टी खाली ठेवली. शिडी म्हणाली, "सर, मलापण भूक लागते. दोन वर्षं झाली, मला रोज भूक लागते." मामा, आम्ही एका नावेत बसायचो, तिचा श्वास माझ्या मानेवर यायचा आणि मला हे माहीत नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं आणि तिने मला सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघी बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन बसलो. ऑम्लेट मागवलं. जरा करपलं होतं, पण आत कांदा गोड लागत होता. शिडीने माझ्यातलंही थोडं खाल्लं. मी तिच्यातलं.

तुझी


२४ मे

चि. वाघिणीस,

नाव ठरलं. आता बदलणार नाही, तू कितीही ओरड.

पत्र वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. ही म्हण तुला लिहावी की नाही याचा मी दिवसभर विचार केला. म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, लिही, आता भिऊन कसं चालेल? म्हणून लिहिली. मूठभर नाही, चांगलं ओंजळभर चढलंय.

मागे शर्यत जिंकलीस तेव्हाही मी पाव वाटले होते. पण परवाचं त्याहून मोठं आहे गं. शर्यतीत तुला सगळे बघत होते. सिस्टरबाईंचा जिना तू एकटीने चढलीस.

शिडीला सांग, तिलाही मामा आहे. सोबत माझ्या पावाची कृती पाठवतोय. खूप सोपी आहे. चार मुठी पीठ, चिमूटभर मीठ, आंबवणाचा एक गोळा आणि पाणी लागेल तेवढं. करा आणि खा. दगड झाला तर सुपात बुडवा.

मामा


१९ सप्टेंबर

ती. मामास,

शर्यत झाली. आधी सकाळचं सांगते, कारण तेच मोठं आहे.

पूर्वी शर्यतीच्या सकाळी मी पाण्याचा घोटही घेत नसे. काट्यावर उभी राहायची, डोळे मिटून. काल सकाळी नदीकाठी शिडी आणि मी घडीच्या खुर्च्यांवर बसलो, उघड्यावर, सगळ्यांसमोर. दूध घातलेले गरम ओट, वर मध, बाजूला केळं. ओट घट्ट झाले होते, चमचा उभा राहत होता. मध बुडाशी बसला होता, तो शेवटच्या घासाला सापडला. तेवढ्यात हलक्या गटातल्या पोरी काट्याच्या रांगेकडे चालल्या होत्या. एक अगदी लहान, अठराएक वर्षांची, आमच्या वाट्यांकडे बघत थांबली. मी खुर्ची सरकवली. ती बसली नाही. पण मी माझा नंबर तिला दिलाय.

पाणी सपाट होतं. खुल्या गटातल्या बायका खरंच दणकट आहेत. पहिल्या निम्म्यात आम्ही सगळ्यांच्या मागे. पूर्वी याच ठिकाणी माझ्या डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि मग शेवट कधीच आठवायचा नाही, पदक गळ्यात असायचं आणि शर्यत कशी झाली ते दुसऱ्यांना विचारायचं. काल मी वाट बघत होते, आता अंधार येईल, आता येईल. आलाच नाही! शिडी मागून ओरडली, "आहे का अजून?" मी ओरडले, "आहे!" आणि होतं, मामा. पायात होतं, पाठीत होतं, दंडात होतं. मी जे खाल्लं ते सगळं तिथे माझ्यासाठी थांबलेलं होतं. एक नाव मागे टाकली. मग अजून एक. काठावरचा माणूस न् माणूस मला दिसत होता.

आम्ही चौथ्या आलो. पदक पहिल्या तीन नावांनाच. आणि मी धक्क्यावर अशी नाचले की कोणाला वाटलं आम्हीच जिंकलो. कोच दुरून बघत होते. जवळ आले. म्हणाले, "वल्हं छान पडत होतं." शाब्बास म्हणाले नाहीत. मला ते आवडलं.

आई काठावर होती. जवळ आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "आज ऊन छान पडलंय." मी तिला घट्ट मिठी मारली.

आता काम. तुझ्या पावाने आमचा जीव घेतलाय. चार मुठी म्हणजे कोणाच्या मुठी रे? तुझी मूठ म्हणजे घमेलं. माझ्या मुठीने केला तर पाणी जास्त होतं, शिडीच्या मुठीने केला तर खिडकीतून फेकून मारावा असा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी क्लबातल्या सगळ्याजणी आमच्या खोलीवर जेवायला येणार आहेत. ती लहान मुलगीपण येते म्हणालीय. मला पाव नीट करायचाय.

म्हणून मी आज सकाळी सिस्टरना विचारलं. त्यांनी विचारलं, "काय मोजायला?" मी म्हटलं, पीठ. त्या म्हणाल्या, "पीठच ना?" मी म्हटलं, पीठच. त्या हसल्या.

मामा, तुझा तराजू पाठव.

तुझी वाघीण


२७ सप्टेंबर

चि. वाघिणीस,

तराजू पाठवणार नाही.

टपालवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. गेल्या वेळी खोक्याचं काय केलं ते विसरलो नाही. तो मी स्वतः घेऊन येतोय, मांडीवर ठेवून, शनिवारच्या गाडीने. रजा मागितली तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही? रजा?" पातेल्याकडे भाजी चिरणारा बघेल. त्याला मिठाचं सांगून ठेवलंय.

तुझं पत्र जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवलं. 'आहे का अजून?' तिथे आलो आणि मला पुढचं वाचवेना, मग म्हाताऱ्याने घेतलं. 'आहे!' तो असा ओरडला की मांजर काट्यावरून खाली पडलं. शेगडीच्या वरची जागा रिकामी आहे. परतताना नवा फोटो घेईन म्हणतो, ओटाची वाटी हातात असलेला मिळाला तर बघ.

पीठ आपण तिघं मिळून मोजू. पारडी बरोबर उभी राहिली की तो तराजू एवढासा आवाज करतो, तो तुला ऐकवायचाय. आणि रविवारी गर्दी असेल, खोली लहान असेल, तू म्हणशील मामा काय, दारापाशी उभ्याने खाईल. नाही हं! माझ्यासाठी एक खुर्ची ठेव. तुझ्यासमोरची.

तुझा मामा